मनीषाला वाटतं, बाळ अजून हालतंय

मैत्रिणींनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मनीषा माझी धाकटी जाऊ. सातवा महिना चालू असताना तिचं बाळ पोटातच गेलं, त्याला अजून महिनाही झाला नाही. आज आम्ही दोघी घरामागं कांदा निवडत बसलो होतो. एकदम तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला.

"ताई, बघा ना, हालतंय!"

माझ्या अंगावर काटाच आला. तशीच तिला घेऊन मंचरला तिच्या डॉक्टर मॅडमकडं गेले.

मॅडमनी सोनोग्राफी केली. पोटात काहीच नव्हतं. त्या तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "अगं, आतडी हलतात, गॅस फिरतो. तुझ्या मेंदूला बाळाची सवय झालीय, म्हणून त्याला ते बाळच वाटतं. तू वेडीबिडी झालेली नाहीस. पुष्कळ बायांना असं होतं."

मला जरा हायसं वाटलं.

परत येताना एसटीत मी म्हटलं, "हळूहळू बंद व्हईल गं. लई मनाला लावून घेऊ नको."

तशी ती हमसून रडायला लागली. "बंद नको व्हायला, ताई. माझ्याकडं तेवढंच ऱ्हायलंय."

आता सासूबाई म्हणतायत, "तिला कामाला लाव, विसरंल." मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही कळत नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली असेल तर सांगा. तेव्हा घरच्यांनी तुमच्याशी काय बोलायला हवं होतं?