फुईने न उचललेला घास

इंग्रजी शाळेत बाईंनी एकदा शब्दांमधले फरक सांगितले. मेड झाडलोट करते, नॅनी मुलं सांभाळते, हाउसकीपर घर चालवते, आणि सर्व्हंट म्हणजे पगारी चाकर. मी वहीत उतरवून घेत होते आणि डोळ्यांसमोर फुई येत होती. फुई म्हणजे वडिलांची विधवा बहीण, शिंदखेड्याहून आमच्या जळगावच्या घरी आलेली. ती हे सगळंच करायची. पगार नव्हता, आखाजीच्या सणाला एक लुगडं मिळायचं. मात्र रोज माझ्या ताटातला पहिला घास ती उचलून स्वतः खायची, पोरीला नजर लागू नये म्हणून.

त्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एका मुलीने विचारलं, ही कोण? फुई उन्हात उभी होती, दात मिसरीने काळे झालेले. मी म्हणाले, "सर्व्हंट."

वाटेत फुईने विचारलं, "त्या पोरले काय बोलनी तू?"

फुईला इंग्रजीत सर्व्हंट म्हणतात, असं मी सांगितलं. तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. खूश झाली.

तेव्हापासून तो शब्द शेजारणींना ती कौतुकाने सांगायची. त्यांना कुठे इंग्रजी येत होतं! पण शिकलेला पाहुणा दारात आला की काहीतरी निमित्त काढून मी तिला मागच्या अंगणात पाठवायचे. खरं सांगून टाकणं अवघड नव्हतं. पण मग तसं का म्हणाले, तेही सांगावं लागलं असतं.

एका रविवारी धुळ्याहून वडिलांचे साहेब आले. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर फुई चहाचा ट्रे घेऊन उभी. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी हिनी सर्व्हंट शे."

साहेबांनी वर न बघता पाणी मागितलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ही माझी बहीण, एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. ते बोलले नाहीत. मीही नाही. फुईने एकदा भावाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणलं.

संध्याकाळी ताट वाढून ती चुलीकडे वळली.

"फुई, घास?"

"खाय तू," ती म्हणाली.

पुढे ती आमच्याकडे बरीच वर्षं होती. पहिला घास मी रोज ताटाच्या कडेला ठेवायचे. ती ताट उचलायची आणि तो गाईला घालायची.