चढावर घसरणारी चेन

कुसुमबाई गेल्याचा फोन राजुऱ्याहून आला, त्यांच्या मुलीचा. मी दुकानात एका चाकाचा बाक काढत बसलो होतो. "काका, आई गेली," एवढंच ती बोलली. त्याला आता दीड महिना झाला. कुसुमबाई अहेरीच्या बाजूला नर्स होत्या आणि मी अहेरीत सायकली दुरुस्त करणारा माणूस. माझा हात पान्याचा, लेखणीचा नाही. पण त्यांची एक गोष्ट अशी आहे की मी सांगितली नाही तर सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. आणि त्या गोष्टीत माझी एक चूकही आहे.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आमच्या भागात सायकल म्हणजे काळी, दणकट, बिनगिअरची. पाच गिअरची निळी सायकल अहेरीत एकच होती, जंगलखात्यातल्या एका साहेबांची. साहेबांच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा कुसुमबाईंनी दोन जीव सुखरूप सोडवले होते. साहेबांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी ती सायकल बाईंना देऊन टाकली. बाईंना तिची गरजही होती. सूरजागडच्या डोंगरांच्या अंगाला असलेल्या तीन टोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, लस टोचायचं काम त्यांच्याकडे होतं. वाट चढाची, एस.टी. अर्ध्यावरच थांबायची. लसीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून न्यायच्या, आणि बर्फ वितळायच्या आत पोचायचं. साधी सायकल चढावर उतरून ढकलावी लागे, त्यात वेळ जाई. गिअरनं तो वाचणार होता. सायकल मिळाल्या दिवशीच त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "रशीदभाऊ, पेटी बांधाले मागं कॅरिअर लावून द्या." मी माझ्याकडचं जुनं कॅरिअर ठोकून-ठाकून बसवून दिलं.

पहिल्याच फेरीला चेन घसरली. बाई सांगत, चढावर गिअर आपोआप बदलतो, चेन मागच्या चाकाच्या दोन दातेरी चकत्यांच्या मधे नाचते आणि मग निसटते. मी सायकल उलटी केली, पायडल हातानं फिरवलं, पाचही गिअर टाकून पाहिले. सगळं ठीक! तरी गिअरची तार नवीन घातली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी चेन बदलली. पुन्हा तेच. मग चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या मागच्या मशीनचा छोटा स्क्रू आवळला, तर सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन चढेचना. तो पुन्हा ढिला केला. खरं सांगायचं तर गिअरची सायकल मी त्याआधी कधी उघडलेली नव्हती. पण कारागिराला हे कबूल करणं जड जातं. मी वैतागून म्हणालो, "बाई, हे नखरे काढून टाकतो. साधं एका चकतीचं फ्रीव्हील बसवतो." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तो चढ तुमाले साधा दिसते का, रशीदभाऊ?" एवढंच म्हणाल्या आणि सायकल घेऊन गेल्या.

त्यानंतरच्या फेरीला चेन स्पोकमध्ये अशी अडकली की चाकच फिरेना. बाई पेटी डोक्यावर घेऊन चालत निघाल्या. ऊन मरणाचं. वरच्या टोल्यावर पोचेपर्यंत पेटीत नुसतं कोमट पाणी उरलं होतं. बाया लेकरं कडेवर घेऊन सकाळपासून झाडाखाली बसलेल्या. बाईंनी एकही सुई टोचली नाही. लस खराब झाली हे त्यांनी मोडक्यातोडक्या गोंडीत समजावून सांगितलं आणि त्या परत आल्या. पुढची फेरी यायच्या आतच त्या टोल्यावर गोवर आला आणि एक मुलगी गेली... लस त्या दिवशी टोचली असती तर ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकणार नाही. बाईंनीही कधी तसं म्हटलं नाही. मुलीचं नाव मात्र त्यांनी मला सांगितलं, आणि ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर त्या दुकानात आल्या त्या एक वही घेऊनच. कोणत्या वळणावर चेन घसरली, तेव्हा कोणता गिअर होता, रस्ता कसा होता, सगळं लिहिलेलं. मला म्हणाल्या, "दुकानात हे सायकल शहाण्यासारखी चालते. चढावरच काऊन बिघडते?"

"मले समजून नाई राह्यलं, बाई." शेवटी एकदाचं मी ते बोललो.

"मंग इथी बसून कसं समजन? उद्या लसीचा दिवस आहे. चला माझ्यासंग."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी माझ्या सायकलवर त्यांच्या मागं निघालो. सपाटीवर निळी सायकल सुरेख चालली. चढ लागला, बाईंनी गिअर हलका केला, आणि एका खड्ड्यात चाक आदळताच चेन नाचायला लागली. माझी नजर मागच्या चाकावरच होती. पेटीच्या वजनानं चाकाच्या बाजूनं खाली येणारा कॅरिअरचा पाय दर धक्क्याला खाली वाकत होता आणि गिअरच्या तारेला दाबत होता. तार दाबली की ओढली जायची, गिअर बदलायचा; पाय वर गेला की तार सुटायची. दुकानात येताना बाई पेटी दवाखान्यात ठेवून यायच्या, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

"थांबा, बाई!" मी ओरडलो. खाली बसून त्यांना बोटानं दाखवलं. मग म्हणालो, "हे कॅरिअर मीच लावलं होतं."

त्या क्षणभर त्या वाकलेल्या पायाकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता त्या मुलीचं नाव घेतील. पण त्यांनी पेटी सोडवून सावलीत ठेवली, तिच्यावर आपला ओला टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, "मंग तुमीच नीट करा. बर्फ आहे अजून."

मी दगडावर ठोकून कॅरिअरचा पाय बाहेर वळवला, ट्यूबच्या पट्टीनं तार आत बांधून घेतली. पेटी पुन्हा चढवली. मी पेटीवर जोर देऊन दाबत राहिलो आणि बाईंनी पायडल फिरवून पाचही गिअर पाहिले, एकदा नाही, तीनदा. मग त्या सायकलवर बसल्या आणि तो चढ न उतरता चढून गेल्या. मी माझी सायकल ढकलत बऱ्याच वेळानं पोचलो, तर पहिल्या लेकराचं रडणं ऐकू येत होतं. बाईंनी मला खुणेनं बोलावलं, पेटीचं झाकण उचललं आणि माझा हात आत धरला. बोटं बधिर होण्याइतका गारवा होता...

पुढं राजुऱ्याला बदली होईपर्यंत त्या वाटेवर त्यांची एकही फेरी चुकली नाही. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. जेव्हा भेटत तेव्हा सायकलींचंच विचारत.

गेल्या आठवड्यात दुकानात एक नवा वनरक्षक आला, गिअरची सायकल घेऊन. चढावर खडखडते म्हणाला. मी पान्याला हात लावला नाही. म्हणालो, "रोज जे सामान नेता, ते सगळं बांधून आणा. मंग पाहू."

"त्याची काय गरज आहे, चाचा?"

"कुसुमबाईची पद्धत आहे."

"कोण कुसुमबाई?"

मी हात पुसले आणि त्याच्यासाठी स्टूल पुढं ओढलं.