रखमाजीचा गाठाळ पेड

भाटघरचं धरण पुरं झालं तेव्हा मजूर गेले, दारूचा गुत्ता उठला आणि मागं दोनच गोष्टी राहिल्या: एक पत्र्याची बराक आणि आसपासच्या गावांना लागलेली सवय. बराक कुणाला नको होती आणि सवय कुणाला सुटत नव्हती. रखमाजीनं दोन्ही एकत्र आणल्या.

त्याला तसा अधिकारही होता. सात वर्षं तो त्याच गुत्त्यावर मापानं दारू देत होता. माप त्यानं कधी कमी दिलं नाही. त्या काळी लोक हे त्याच्या चांगुलपणात धरत. पुढं तो स्वतः गुन्ह्यात धरू लागला. देता देता त्यालाही लागली, आणि सुटली तोवर सखूबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, अंगावर गळ्यातल्या मण्यांखेरीज काही उरलं नव्हतं.

तर दारू सोडवायला त्यानं पिणाऱ्यांना बराकीत राहायला घेतलं. सखूबाईच्या हातची भाकरी खायची आणि दिवसभर दोर वळायचे. घायपात धरणाच्या पाण्यात कुजवायचा, ठेचून त्याचा वाख, म्हणजे तंतू, काढायचा. ज्या पाण्यानं वरच्या अंगाची शेतं गिळली, त्याचा एवढा तरी उपयोग. भाऊबंद म्हणाले, दोर वळणं हे काही आपलं काम नव्हं. पिणं मात्र त्यांचं पिढीजात काम असावं, कारण त्याला कुणी हरकत घेतली नव्हती.

दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं फिरकी फिरवायची, दुसऱ्यानं हातातला वाख सोडत मागं मागं जायचं. रखमाजी नव्या माणसाची जोडी जुन्याशी लावी. जुना फिरकी फिरवता फिरवता नव्याला कामही शिकवी आणि त्याचं ऐकूनही घेई. दोराचा आणखी एक गुण होता. रात्री घेतलेल्या माणसाचा हात सकाळी थरथरे आणि पेडाला जागोजाग गाठी येत. विचारायची गरज पडत नसे.

आत येताना प्रत्येकानं बेलभंडारा उचलायचा: पुन्हा शिवणार नाही. मोडेल त्यानं उंबरा ओलांडायचा, परत यायचं नाही. त्यांच्यातला जलाल मुसलमान, त्याला भंडारा चालणार नव्हता, म्हणून त्याला आईची आण घातली. ती सगळ्यांत टिकली.

पहिला बेलभंडारा अर्थात रखमाजीनं उचलला होता. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दिवशी तो कासरे पोचवायला वरवे गावी गेला, एका घरी आग्रह झाला आणि चार वर्षांनी त्यानं अर्धा पेला घेतला. वास जाईपर्यंत धरणाच्या भिंतीवर फिरून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी फिरकीवर जलाल होता आणि रखमाजीचा पेड गाठाळ निघाला. रखमाजीनं तो चुलीत घातला. वाख कच्चा होता, असं त्यानं सखूबाईला सांगितलं. सखूबाईनं चुलीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि भाकरी उलटली.

पंधरा दिवसांनी चिमाजीचा पेड गाठाळ निघाला. चिमाजी वरव्याचाच, दोन वर्षं बराकीत टिकलेला. विचारल्यावर खोटं बोलला नाही. रखमाजीनं उंबऱ्याकडं बोट दाखवलं. त्या दिवशी त्याची मुद्रा एखाद्या मामलेदाराला शोभेल अशी होती.

दिवाळीनंतर जलाल नसरापूरच्या बाजाराहून दोर विकून आला तो चिमाजीची खबर घेऊन. चिमाजी भावाच्या गोठ्यात पडून होता, अन्न सुटलं होतं, दारू तेवढी उतरत होती. जलालनं त्याला चल म्हटलं, पण तो येईना. बेलभंडारा मोडलेला पाय घरात पडला तर देव घरावर कोपेल, असं त्याचं म्हणणं.

“ह्यो महिना काय काढत न्हाई त्यो,” जलाल म्हणाला. “काका, त्याला तुमीच आणू शकता. दुसरं कोण न्हाई.”

रखमाजीला हे कळत होतं, आणि कसं आणता येईल हेही. तीन दिवस त्याला दुसरी कामं सुचत राहिली. चौथ्या दिवशी सखूबाईनं न विचारता दोन माणसांची भाकरी बांधून दिली.

गोठ्यात चिमाजी गव्हाणीला टेकून बसला होता. रखमाजीला पाहून तो उठायला गेला आणि त्याला उठवेना. नको काका, तुमच्या घराचं वाटोळं व्हईल, एवढंच तो परत परत बोलत राहिला. रखमाजीनं बऱ्याच इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. पाऊस, घायपात, सखूबाईचा गुडघा. मग गोष्टी संपल्या.

“चिमाजी, म्याबी मोडलाय. बेंदराला, ह्याच गावात. घर हाय तसंच हाय.”

चिमाजी गव्हाणी धरून जरा ताठ बसला.

“मला घालवलं त्याच्या आदी का मागनं?”

मागनं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी तपासायला येणार नव्हतं.

“आदी,” रखमाजी म्हणाला.

उन्हं गोठ्याच्या दारातून आत सरकली तेव्हा चिमाजीनं भाकरी मागितली, अर्धी खाल्ली, आणि म्हणाला की येतो, पण हे समद्यांम्होरं सांगा. रखमाजीला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल.

चिमाजीच्या भावाच्या बैलगाडीनं भाटघरला पोचायला दुपार कलली. बराकीत राहणारे पाचही जण दारापुढं कामावर होते. रखमाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्यानं सांगितलं: बेंदूर, अर्धा पेला, चुलीत घातलेला पेड, आणि नंतर घालवलेला चिमाजी. जलाल वाख निवडत राहिला. त्यानं मान वर केली नाही, त्यावरून रखमाजीला कळलं की याला पहिल्यापासून ठाऊक आहे. चार महिने जलाल त्याला काका म्हणत होता, तेही सगळं ठाऊक असून. हे त्याला सगळ्यांत जड गेलं.

बेलभंडारा त्यानंतर देव्हाऱ्यातून बाहेर आला नाही. ज्याचा पेड गाठाळ निघे, तो त्या दिवशी रखमाजीच्या जोडीला बसे, एवढाच नियम उरला.

आठवड्यानं चिमाजीच्या हातापायांत जरा ताकद आली आणि तो फिरकीवर बसला. रखमाजी वाख सोडत मागं मागं जाऊ लागला. दोघांनीही काही घेतलं नव्हतं.

“काका, गाठ आली,” चिमाजी म्हणाला.

रखमाजीनं आपल्या हाताकडं पाहिलं. “व्हय,” तो म्हणाला. “न घेताबी येती. फिरीव.”

तो पेड त्यानं चुलीत घातला नाही. दाराशेजारच्या खिळ्याला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टांगून ठेवला.