वायूवरची पावलं

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आज महिना झाला. त्याच्याविषयी चांगलं काही लिहावं म्हणून मी अनेकदा बसलो आणि दर वेळी कागद बाजूला ठेवला. जे लिहायचं आहे ते फारसं चांगलं नाही. मला त्याचा हेवा वाटत असे. त्याच्या शेताचा नाही, संसाराचा नाही. तापीच्या डोहात परत आलेल्या पाणमांजरांमुळे तो हेवा सुरू झाला, आणि अजून पुरता गेलेला नाही.

आमचं गाव तापीच्या काठी, शिंदखेडा तालुक्यात. मी धुळ्याला शिकलो आणि दोंडाईच्याच्या शाळेत मास्तर झालो. भाऊ चौथीनंतर घरीच राहिला. पावसाळ्याचं पाणी ओसरलं की तो नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी लावायचा. वडिलांना, म्हणजे आबांना, मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी गावाकडे जाणारी बैलगाडी गाठायचो आणि आठवड्याभराची जपून ठेवलेली वर्तमानपत्रं आबांना वाचून दाखवायचो. आई गेल्यापासून आबा कुणाशी धड बोलत नसत, पण माझं वाचन चालू असताना मान हलवत. त्या घरात माझी जागा तेवढीच उरली होती.

आबांच्या लहानपणी गावाखालच्या डोहात पाणमांजरं होती. मग कातड्यासाठी फासे लावणारे आले आणि मी जन्मण्याआधीच ती दिसेनाशी झाली. हे आबांनी आम्हांला कितीतरी वेळा सांगितलं होतं. पाणमांजरं परत येतील असं त्यांनाही वाटत नव्हतं.

एका हिवाळ्यात भावाचं पोस्टकार्ड आलं. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘भाऊ, डोहवर पानमांजर उनात. वायूवर त्यास्ना पाय उठेल शेतस. आबा खूप हासनात.’

आमच्या बोलीत ळ चा य होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, आणि वाळू म्हणजे वायू. मीही घरात तसंच बोलत आलो होतो. पण त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ते कार्ड मोठ्याने वाचलं. “आमच्या गावी जनावरांची पावलं वाऱ्यावर उमटतात,” असं म्हणालो. सगळे हसले. मग लाल शाईने ‘वायू’ खोडून वर ‘वाळू’ लिहिलं, बाकीचं वाक्यही दुरुस्त केलं आणि कार्ड पाकिटात घालून परत पाठवलं. भावाला शुद्ध लिहिता यावं म्हणून करतो आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्यातलं शेवटचं वाक्य सहन झालं नव्हतं. आबा हसले होते, आणि ते माझ्यामुळे नव्हे.

त्यानंतर त्याचं कार्ड कधी आलं नाही.

त्या आठवड्याच्या शनिवारी वर्तमानपत्रं घेऊन आबांजवळ बसलो, तर म्हणाले, “पेपर राहू दे. पहिले याले सांगू दे.”

भाऊ पायाची वाळू झटकत बसला. “आबा, एकनी मासा धरा, दुसरानी वढी लिना. मंग दोन्ही अश्या भांडनात, जश्या आपल्या दोन्ही काकू!”

आबा हसता हसता खोकले. आत चुलीपाशी बसलेल्या, त्या दोघींपैकी एका काकूने ऐकलं. “हां, आनि तू त्यास्मा मासा!” ती ओरडली. आबांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो हात मी बराच वेळ बघत राहिलो.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, “शुद्ध मराठीत त्याला ऊद म्हणतात.”

“ऊद देवले जायतस,” आबा म्हणाले; त्यांच्या लेखी ऊद म्हणजे देवापुढे जाळायचा धूप. “नदीमा शे ते पानमांजर.”

दुसऱ्या दिवशी मीच भावाला म्हटलं, मला घेऊन चल. तो आनंदाने निघाला. वाडीपलीकडे एका काळ्या दगडावर तो रोज बसायचा. त्याने मला वाळूतली पावलं दाखवली, बोटांमधल्या पडद्याचा ठसाही. दगडावर पडलेल्या विष्ठेत माशांचे खवले चमकत होते. काल पाच होती, दोन मोठी आणि तीन पिल्लं, असं त्याने सांगितलं. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. पाणी हललंसुद्धा नाही.

परतताना तो हळूच म्हणाला, “भाऊ, तुना आंगले साबनना वास येस. त्यास्ले तो दूरथीन समजस.”

मला तो टोमणा वाटला. शहरातला साबण, शहरातला मास्तर.

ओसरीवर आबा वाट बघत होते. “मास्तर, काय दखं?”

नाही दिसली, एवढंच म्हणायचं होतं. पण आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत आबांनी मला एवढ्या उत्सुकतेने काहीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “चार दिसली.” आणि इंग्रजी पुस्तकात वाचलेलं सांगू लागलो. डोकी कशी वर काढतात, शिट्टीसारखा आवाज कसा करतात.

आबांनी मान कलती केली. “मंग वायूमा लोयनात का?”

पुस्तकात वाळूचा उल्लेख नव्हता.

“हा आबा, लोयनात ना,” भाऊ मागून म्हणाला. “बठ्ठा आंग वायूमा घासं.”

पुढचं सगळं आबांनी त्यालाच विचारलं. माझं खोटं त्यांनी ओळखलं की नाही, मला कळलं नाही. भावाने मात्र त्याचा उल्लेख कधी केला नाही, चेष्टेतसुद्धा नाही. त्याने चेष्टा केली असती तर आम्ही भांडलो असतो, आणि मग कदाचित माझ्या मनातलं निवळलं असतं. त्याने मला सांभाळून घेतलं याचाही मला हेवा वाटला. येत्या पुरात डोह गाळाने भरून जावा, असं माझ्या मनात येऊन गेलं. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

डोह भरला नाही. आबा पुढल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत त्यांना रोज पाणमांजरांची खबर मिळत होती. मी शनिवारी येऊन वर्तमानपत्र वाचायचो आणि ते ऐकायचे, पण दारात भावाचं पाऊल वाजलं की त्यांची मान तिकडे वळायची. मग मीही मध्येच थांबायचो. भावाने डोहावर चल म्हणून पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी वह्या तपासायच्या आहेत असं सांगितलं.

आता भाऊही गेला. तापाने, चार दिवसांत.

सुतकात आमच्याकडे अंगाला साबण लावत नाहीत. मी रोज सकाळी नदीवर जाऊन नुसती बुडी मारून येत होतो. सातव्या दिवशी आंघोळ करून त्याच्या काळ्या दगडावर अंग वाळवत बसलो. पाणमांजरांचा विचार मनात नव्हता. समोरच्या काठाशी पाणी फुगलं आणि त्यातून एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. ती माझ्याकडे न बघता पलीकडच्या वाळूत चढली आणि लोळू लागली, पाठ घासत, पाय वर करून, अगदी त्याने आबांना सांगितलं होतं तसं. तिसरं मागून आलं, तोंडात मासा घेऊन. ती डोहात परत शिरेपर्यंत मी हललो नाही.

तेव्हा मला साबण आठवला. तो टोमणा नव्हता.

घरी कुणाला सांगावं ते सुचेना. ज्यांना सांगावं ते दोघेही नव्हते. मनातल्या मनात मी कार्ड लिहायला घेतलं: वायूवर त्यांचे पाय उठले आहेत. तो शब्द दुरुस्त करावासा वाटला नाही. पण पुढचं वाक्य लिहिताना पुन्हा तेच झालं. मी तीन पाहिली होती. त्याने पाच पाहिली होती.