गळ्यावरची पाच बोटं

पारूबाईच्या गळ्यावर नवऱ्याच्या बोटांचे पाच वळ होते. कोल्हापुरातल्या महिला मदत केंद्रात अक्षता कांबळे अशा वळांचे फोटो काढून थेट संगणकातल्या नोंदवहीत चिकटवायची. सहा वर्षांत आलेल्या बायकांच्या मारहाणीने ती फाइल दोन जीबीच्या मर्यादेला पोचली आणि आज नवा फोटो घेईना.

“फोटो बारीक कर की,” केंद्रप्रमुख उदयसिंह म्हणाले.

तिने केला. पाच बोटांचा एक तपकिरी डाग झाला. कोर्टात त्याला कुणी मळ म्हटलं असतं.

बाहेर नवरा गुंडू दारावर लाथा घालत होता. “पाय घसरून पडलीया ती!”

अक्षताने सगळे फोटो नोंदवहीतून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. नोंदवहीत प्रत्येक फोटो कुठे ठेवलाय याचा फक्त पत्ता राहिला. फाइल हलकी झाली. मग तिने पारूबाईचा मूळ फोटो उघडला. त्यात नखांचे ओरखडेसुद्धा दिसत होते.

तेवढ्यात कडी तुटली आणि गुंडू आत घुसला.

पारूबाईने संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं. “जिमिनीला बोटं असत्यात व्हय?”

गुंडूने तिच्या तोंडावर बुक्की हाणली. उदयसिंहांनी त्याला भिंतीवर दाबून धरलं. पारूबाई पदराने ओठावरचं रक्त पुसू लागली, तसा अक्षताने तिचा हात धरला.

“थांबा मावशी. आधी फोटो.”