धाकटी बॅटरी

आमचे हे, म्हणजे हरिहर, अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात. यांनी सायकल घेतली! तीही साधी नाही, लांब पल्ल्याची, बॅटरीवर चालणारी. गुडघे कुरकुरतात, म्हणून चढाला मोटर. एका बॅटरीत कसारा घाट पार होत नाही, म्हणून बॅटऱ्या दोन. थोरली आणि धाकटी. नावं यांनीच ठेवलेली. पोटच्या मुलीला कधी लाडाने हाक मारली नाही, पण बॅटऱ्यांचं बारसं केलं.

मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन पिशव्या. डावीत थोरली, तिची वायर मोटरला जोडलेली. उजवीत धाकटी, झाकण लावून, माझ्या जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. वजन दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर म्हणे हँडल डगमगतं. धाकटी अर्धा किलो हलकी, म्हणून तिच्या पिशवीत अर्धा किलोचे पाने-पक्कड. चार्जिंगला लावल्या की समोर खुर्ची टाकून बसायचे. मी भाजी घेऊन, फडके रोडवर दोन मैत्रिणींशी बोलून परत यायची, तरी हे तिथेच. इतका जपणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणून तर जे झालं ते डोक्यात शिरेना.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघाले. नाशिकला बहिणीकडे जायचा दोन दिवसांचा बेत. सव्वाआठला यांच्या नंबरवरून फोन आला आणि बोलायला लागली भलतीच बाई.

"ताई, मी रतन. खडवलीच्या रस्त्याला काकड्या विकतंय. तुमच्या माणसाच्या सायकलला आग लागली."

"माणूस कसाय?" एवढंच विचारलं.

"हाय. बसलंय. पण हात भाजलाय."

कशी पोचले मला विचारू नका. शेजारच्या चित्राने गाडी काढली एवढं आठवतं. हे रतनबाईच्या टोपल्यांमागे दगडावर बसलेले, उजवा हात बादलीत. उजव्या पिशवीतून धूर येताना दिसला तेव्हा हे नेमके तिच्या नारळाच्या झापांच्या मांडवापाशी होते. पेट घेतला तर बाईचा मांडव जाईल, म्हणून या शहाण्या माणसाने जळती पिशवी हाताने उपसून मोकळ्या माळावर ओढत नेली! रतनबाईने वर माती टाकली. सायकलचं मागचं अंग काळं ठिक्कर पडलेलं.

मी रडले, ओरडले, दोन्ही केलं.

दवाखान्यात हाताला पट्टी बांधून घरी आलो आणि माझं डोकं फिरलं. ही बॅटरी बनवली कोणी? कळव्याच्या कमलेशने. तिशीचा मुलगा, स्टेशनजवळ छोटं दुकान, सहा महिन्यांपूर्वीच थाटलेलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, कमलेशच्या बॅटऱ्या जीवघेण्या आहेत, घेऊ नका, घेतल्या असतील तर परत करा. खाली यांच्या हाताचा फोटो. संध्याकाळपर्यंत तो मेसेज ठाण्यापासून शहाडपर्यंत फिरला. तिसऱ्या दिवशी कळलं, सात जणांनी बॅटऱ्या परत नेऊन दिल्या आणि जागेचा मालक कमलेशला गाळा खाली कर म्हणतोय. मी म्हटलं, बरं झालं.

"जाऊ दे गं," हे म्हणाले.

"का जाऊ दे? मी त्याच्या तोंडावर विचारणार आहे!"

धाकटीचं जळकं खोकं गोणपाटात बांधून यांना रिक्षात घातलं आणि कळवा गाठलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी कमलेशला नको नको ते बोलले. लाज नाही वाटत, म्हाताऱ्या माणसाचा जीव घेत होतास, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, बॅटरी मीच बनवली, मान्य आहे. पण पहिले खोलून तर बघू दे ना."

खोकं एका बाजूने पार वितळलेलं. वायर जोडायची बाजू त्यामानाने शाबूत. त्याने चिकटलेलं रबरी झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, टॉर्च मारला आणि खोकं माझ्यापुढे सरकवलं.

"काय आहे?" मी पुढे वाकले.

आत लाल होतं. लाल, पिवळं, आणि कडेला चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते, तशी मी बॅटऱ्यांचीही केली होती. पाटावर ठेवून, फुलाने पाणी शिंपडून, हळद-कुंकू, अक्षता. झाकणाला कुंकू लावून काय उपयोग, म्हणून झाकणं काढून! जिथून शक्ती येते तिथे लावावं, इतकी माझी अक्कल. आणि मग झाकणं घट्ट बसवली.

"पाणी आत सर्किटपर्यंत उतरलं, काकू," कमलेश हळू आवाजात म्हणाला. एका शब्दाने उलटून बोलला नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी यांच्याकडे वळले. हे भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"थोरली जोडताना कुंकू दिसलं. दोन्ही पुसल्या. धाकटीच्या भोकात बोट जाईना. वाटलं, वाळेल."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या मनापासून केलेलं. सणासुदीला कशाला हिरमोड?"

"अहो, मेला असतात! आणि या पोराचं दुकान बुडतंय, तेही तोंड मिटून बघत बसलात?"

"चुकलंच ते," म्हणाले. "तुझं नाव कसं घेणार, कळत नव्हतं."

मी तिथेच स्टुलावर बसून ग्रुपवर लिहिलं. कमलेशची चूक नाही, बॅटरीत मी पाणी घातलं, मी त्याची माफी मागते, सगळ्यांनी हा मेसेज आधीच्याइतकाच पुढे पाठवा. हे डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, "माझंही नाव लिही." लिहिलं. मालकाला फोन लाव, मी बोलते, असं कमलेशला सांगितलं. तो डोळे पुसत चहा सांगायला बाहेर पळाला.

हा माणूस मला वाईट वाटू नये म्हणून ओली बॅटरी घेऊन घाटाकडे निघतो. मी खरोखर घाबरून विचारलं, "खरं सांगा. अजून काय काय बोलला नाहीत मला?"

हे अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "चहातली वेलची. मला पहिल्यापासून आवडत नाही."

अडतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला.