गाडी नसलेला दिवस

घंटागाडी आली की समोरच्या काकू ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन फाटकाशी येतात. काका अंथरुणाला खिळले होते तेव्हा ओल्यात मोसंबीच्या साली असत, सुक्यात औषधांची रिकामी पाकिटं. काका गेले आणि दोन्ही बादल्या हलक्या झाल्या. घरातलं माणूस कमी झालं की कचऱ्यालाही कळतं. आता ओल्यात जेमतेम चहाचा चोथा असतो.

"एवढ्यासाठी रोज कशाला येता काकू?" गाडीवरच्या मंदाबाईंनी एकदा विचारलं.

"वास येतो गं," काकू म्हणाल्या.

चहाच्या चोथ्याला कसला आलाय वास?

नगरपालिकेनं आता गाडी एक दिवसाआड केली आहे. डिझेल वाचतं म्हणे. गल्लीतल्या कुणाची तक्रार नाही, माझीही नव्हती. कचरा काय, एक दिवस थांबतो.

आज गाडी नव्हती. तरी घंटेच्या वेळेला काकू ओल्याची बादली घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. विसरल्या असतील म्हणून मी रस्ता ओलांडून गेलो.

"काकू, आज गाडी नाही."

बादलीत पाहिलं तर ती रिकामी होती, धुऊन पुसलेली.

"माहीत आहे रे," काकू म्हणाल्या. "तुझा चहा झाला का?"